साक्ष आणि शिकवण

ख्रिस्ती धर्मग्रंथ भरवशाचा आहे का, हा प्रश्न छत्तीसगडात सरळपणे क्वचितच विचारला जातो. त्याच्या जागी दुसराच प्रश्न पुढे येतो: कोणी कोणाला बाटवले, कशाच्या आमिषाने आणि कोणाच्या पैशावर. त्यामागे इतिहास आहे. 1868 मध्ये ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने विश्रामपूर वसवले. मूर्तिपूजा आणि जातीचा जाच आधीच झुगारून दिलेला सतनामी समाज समूहाने ख्रिस्ताकडे वळेल अशी त्याची अपेक्षा होती. ती फळली नाही. आले ते थोडेच, आणि पुढे दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आलेल्यांमुळे संख्या वाढली. 1954 मध्ये रायपूरचेच रविशंकर शुक्ल मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री असताना न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली, 1956 मध्ये तिचा अहवाल आला आणि 1968 मध्ये राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. तेव्हापासून ख्रिस्ती धर्माविषयीची आपली बहुतेक चर्चा पोलीस ठाणे, न्यायालय आणि विधानसभा यांच्या भाषेत होते. ती चर्चा अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. भुकेल्या माणसाच्या श्रद्धेचा सौदा करणे हे पाप आहे, मग तो कोणत्याही धर्माच्या नावाने होवो. पण त्या चर्चेतून ग्रंथाविषयी काहीच ठरत नाही. लबाडाने म्हटला म्हणून पाढा चुकत नाही, आणि सज्जनाने म्हटला म्हणून चुकलेला पाढा बरोबर होत नाही. प्रचारकाच्या वागणुकीवरून ग्रंथाची सत्यता ठरवायची नसेल, तर ग्रंथ उघडून बघण्यावाचून इलाज नाही. पुढील पाने त्यासाठी आहेत.

हे काम आपल्या भाषेत आज पहिल्यांदा होते आहे असेही नाही. गेल्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती शास्त्राची जितकी कसून तपासणी मराठी माणसांनी केली, तितकी भारतात फार थोड्या भाषिकांनी केली असेल. 1831 मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला. 1839 मध्ये जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून खऱ्या शास्त्राची लक्षणे सांगितली: संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य आणि त्याचे सर्व मानवांसाठी असणे. त्याला सिहोरच्या सुबाजी बापूंनी उत्तर दिले, आणि काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्यांनी 1844-45 मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून आणखी कडक उत्तर दिले. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते आणि लोक गर्दी करून ऐकत होते. या वादांमध्ये आज मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची शिस्त. प्रतिपक्षाचे पुस्तक वाचल्याशिवाय त्याच्यावर बोलायचे नाही, हा दंडक दोन्ही बाजूंनी बव्हंशी पाळला. गोरे तर वाचता वाचता पलीकडे गेले; 1848 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. तरीही शंका त्यांना सोडून गेल्या नाहीत. जन्मभर त्या त्यांच्याबरोबर राहिल्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. शंका आणि श्रद्धा एकाच माणसात प्रामाणिकपणे नांदू शकतात याचे याहून चांगले मराठी उदाहरण मला माहीत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘बायबल आणि चर्च यांच्यावर विश्वास ठेवावा का’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी बांधल्या गेल्या आहेत, आणि त्या सोडवल्याशिवाय उत्तर निघत नाही. नवा करार ही साक्ष आहे. काही माणसांनी जे पाहिले, ऐकले आणि ज्यासाठी झीज सोसली, त्याची ती नोंद आहे. चर्चची शिकवण हा त्या साक्षीवरून काढलेला निष्कर्ष आहे. साक्ष भरवशाची असूनही निष्कर्ष चुकू शकतो, म्हणून चर्चच्या शिकवणीचा भरवसा नेहमी उसना असतो. ती साक्षीकडून तपासून घ्यायला जितकी तयार असेल, तितकीच ती विश्वासाला पात्र. साक्ष स्वतः बऱ्याच अंशी भरवशाची आहे असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे देणे माझ्यावर बंधनकारक आहे.

पहिली हरकत सर्वांच्या तोंडी असते: हजारो वर्षे हाताने नकलून काढलेल्या पोथीत मूळ काय उरले असणार? मराठी वाचकाला ही हरकत परकी वाटू नये. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सिद्ध झाली. तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांनी अशुद्ध झालेल्या प्रती मिळवून तिचा पाठ शुद्ध केला. पाठ बिघडला होता म्हणून ज्ञानेश्वरी खोटी, असा निष्कर्ष नाथांनी काढला नाही. बिघाड ओळखता येतो म्हणून तो दुरुस्त करता येतो, असे मानून ते कामाला लागले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली आणि लाडकी आख्यानेसुद्धा प्रक्षिप्त ठरली तेव्हा ती बाजूला काढली. नव्या करारावरही हेच काम झाले आहे, आणि त्यासाठी मिळालेली सामग्री फार मोठी आहे. ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांवर आहेत. मँचेस्टरमध्ये जपलेला योहानच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा तुकडा सर्वसाधारणपणे दुसऱ्या शतकातला मानला जातो, आणि चौथ्या शतकातले सिनाई व व्हॅटिकन हे मोठे कोश आपल्यासमोर आहेत. पाठभेद लाखोंच्या घरात आहेत हे खरे. परंतु प्रती अनेक असल्या की भेदही अनेक दिसतात, आणि त्याच प्रतींमुळे कोणता भेद कुठे शिरला हेही कळते. बहुसंख्य भेद शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे आहेत.

जे भेद मोठे आहेत ते मात्र लपवता कामा नयेत. मार्कच्या सोळाव्या अध्यायातील नवव्या वचनापासूनचा शेवट त्या दोन जुन्या कोशांत नाही. व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या स्त्रीची योहानातील कथा सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाही; तिच्यातली करुणा कितीही येशूला शोभणारी असली, तरी ती योहानने त्या जागी लिहिली असे म्हणता येत नाही. योहानच्या पहिल्या पत्रात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे स्वर्गात साक्ष देतात असे जे वचन जुन्या भाषांतरांत सापडते, ते तर निःसंशय मागाहून घुसलेले आहे. एरास्मसने 1516 आणि 1519 च्या ग्रीक आवृत्त्यांतून ते वगळले होते आणि गदारोळ झाल्यावर 1522 मध्ये घेतले. हे सगळे उघडकीस आणले ते बव्हंशी ख्रिस्ती विद्वानांनीच, आणि आज चांगल्या भाषांतरांच्या तळटिपांत ते छापलेले असते. आपल्या ग्रंथातील चोरदारे स्वतः दाखवणारी परंपरा मला अधिक विश्वासार्ह वाटते. जुन्या करारापुरते सांगायचे तर 1947 पासून कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांनी मोठी कसोटी घेतली. यशयाची तिथली प्रत मध्ययुगीन हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली आणि आशय जवळजवळ तोच निघाला. तिथेच यिर्मयाची आखूड प्रतही मिळाली, म्हणजे त्या ग्रंथाची दोन रूपे एकाच काळात चालू होती. पहिली गोष्ट प्रवचनांत ऐकू येते, दुसरी येत नाही. वाचकाला दोन्ही कळल्या पाहिजेत.

शब्द टिकले एवढ्याने घटना घडल्या असे सिद्ध होत नाही. शुभवर्तमाने येशूच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहिली गेली, मग त्यांना साक्ष का म्हणावे? इथे वाचकाने शुभवर्तमानांच्या आधी पौल या पहिल्या पिढीतल्या प्रेषिताची पत्रे वाचावीत असे मी सुचवीन. करिंथकरांस पहिले पत्र साधारण 54-55 साली लिहिलेले आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल आपल्याला मिळालेली परंपरा सांगतो आणि पुनरुत्थित येशू कोणाकोणाला दिसला त्यांची यादी देतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो पेत्राला आणि येशूचा भाऊ याकोब याला स्वतः भेटल्याचे सांगतो, आणि पेत्राशी आपला तोंडावर खटका उडाल्याचेही सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या फुगत गेलेल्या दंतकथेची ही भाषा नव्हे. ही एकमेकांना ओळखणाऱ्या, भांडणाऱ्या माणसांची भाषा आहे. पंतय पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाला हे टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो, आणि त्याला ख्रिस्ती लोकांविषयी तिरस्कारच होता. योसेफस याकोबाच्या मृत्यूची नोंद करतो. त्याच योसेफसमधला येशूवरचा प्रसिद्ध परिच्छेद मात्र ख्रिस्ती नकलनवीसांनी सजवलेला आहे, म्हणून त्याच्यावर इमारत उभारू नये. यापेक्षाही मला पटतो तो शुभवर्तमानांतला आतला पुरावा. पंथाचा पुढारी पेत्र आपल्या गुरूला तीनदा नाकारतो. गुरू स्वतः योहानाकडून (शुभवर्तमान लिहिणारा योहान वेगळा) पापक्षमेचा बाप्तिस्मा घेतो. त्या काळात ज्यांच्या शब्दाला फारसे वजन नव्हते अशा स्त्रिया रिकाम्या कबरीच्या पहिल्या साक्षीदार असतात. प्रचारासाठी कथा रचणाऱ्याने यातले काहीच रचले नसते.

विसंगती आहेत. लूक जन्माची सांगड क्विरीनियच्या खानेसुमारीशी घालतो. ती खानेसुमारी इसवी सन 6 ची, आणि हेरोद तर इसवी सनापूर्वी 4 मध्ये वारला होता. हा पेच सोडवण्याचे अनेक प्रयत्न झाले आहेत. मला एकही समाधानकारक वाटत नाही. मत्तय आणि लूक यांच्या वंशावळी जुळत नाहीत. ज्यांनी आधीच ठरवले आहे की ग्रंथात तिळमात्र चूक असणे शक्य नाही, त्यांना अशा प्रत्येक ठिकाणी कसरत करावी लागते, आणि त्या कसरतीने ग्रंथाचा भरवसा वाढत नाही, कमीच होतो. न्यायालयात दोन साक्षीदारांची जबानी शब्दशः सारखी निघाली तर न्यायाधीश सावध होतो. गाभा एक आणि तपशिलात फरक, हे स्वतंत्र स्मरणाचे लक्षण आहे. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शास्त्राच्या सत्याची कक्षा सांगताना मानवाच्या तारणासाठी देवाला जे सांगायचे होते त्यावर भर दिला. ही भूमिका पळवाट आहे असे काही प्रोटेस्टंट बंधूंना वाटते. मला ती ग्रंथाच्या स्वतःच्या स्वरूपाशी अधिक प्रामाणिक वाटते.

आणि चमत्कार? म्यूर यांनी त्यांना पहिले प्रमाण मानले, आणि त्यांचे ते सर्वांत दुबळे प्रमाण होते. आपल्या पुराणांतही चमत्कार काही कमी नाहीत, हे उत्तर ऐकणाऱ्याला सहज सुचणार. तर्काने शास्त्राचा निर्णय होऊ शकत नाही, आधी श्रद्धा लागते, असे तरुण गोऱ्यांचे म्हणणे होते. मला ते अर्धे खरे वाटते. येशूच्या जवळच्या माणसांना तो मेल्यानंतर दिसल्याची पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीने त्यांचे आयुष्य पालटले, इथपर्यंत इतिहासाचा पुरावा आपल्याला हाताला धरून नेतो. तिथून पुढचे पाऊल इतिहासाच्या बळावर टाकता येत नाही. पण ते पाऊल पुराव्याच्या दिशेने टाकलेले असते, पुराव्याविरुद्ध नव्हे. ज्याला ते टाकता येत नाही त्याच्या बुद्धीत किंवा नीतीत खोट आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाही ख्रिस्ती माणसाला नाही.

आता चर्चकडे वळू. साक्ष आणि शिकवण यांतले अंतर इथे डोळ्यांत भरते. गोव्याचे उदाहरण घ्या. 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ओवीछंदात, मराठीच्या प्रेमात न्हालेले ते काव्य आजही मन भारून टाकते. त्याच गोव्यात, त्याच चर्चच्या छत्राखाली, 1560 पासून इन्क्विझिशन चालू होते आणि ते 1812 पर्यंत टिकले. एकाच संस्थेने एका हाताने शास्त्र लोकांच्या भाषेत दिले आणि दुसऱ्या हाताने लोकांच्या विवेकाला बेड्या घातल्या. गॅलिलिओला 1633 मध्ये दोषी ठरवणाऱ्या चर्चला 1992 मध्ये ती चूक मान्य करावी लागली. यावरून शिकवण सगळी खोटी असे ठरत नाही, पण ‘चर्च म्हणते म्हणून’ हे कारण एकट्याने उभे राहू शकत नाही हे नक्की ठरते. उलट बाजूचा अतिरेकही टाळायला हवा. नव्या करारातले ग्रंथ 325 च्या नायसीया परिषदेत सम्राटाने निवडले, ही हल्ली फार पसरलेली समजूत निराधार आहे. त्या परिषदेचा विषय ग्रंथांची यादी हा नव्हता. चार शुभवर्तमाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आयरेनियसच्या लेखनात प्रमाण मानलेली दिसतात, आणि आजची सत्तावीस ग्रंथांची यादी अथनासियसच्या 367 च्या पत्रात पूर्ण स्वरूपात सापडते. चर्चने ग्रंथ निर्माण केले नाहीत. मंडळ्यांमध्ये आधीच वाचले जात होते ते ओळखले. म्हणून माझ्या मते मोजमाप करण्याचा मान साक्षीचा आहे, शिकवणीचा नाही.

हे तत्त्व पंडिता रमाबाईंनी आचरणात आणले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. गोऱ्यांच्या लेखनाने त्यांच्या शंकांना उत्तरे दिली होती. बाप्तिस्म्याने वाद मिटला नाही. खरा वाद त्यानंतरच सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त चर्च मांडते त्या शब्दांत त्यांना पटेना, अथनासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार त्या म्हणेनात, क्रूसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत का नको असे त्या विचारत. वाँटेजच्या मठातील त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. रमाबाईंनी पत्रांतून पुन्हा पुन्हा सांगितले की आपल्या देशातल्या पुरोहितांच्या हुकमतीतून मोठ्या कष्टाने सुटून आल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकायला त्या तयार नाहीत. जे शास्त्रात दाखवाल ते मानू. त्यांच्या काही मतांत पुढे बदल झाला. शास्त्र स्वतः वाचण्याचा हट्ट मात्र कायम राहिला. तो इतका की केडगावला मुक्ती मिशनचा डोंगराएवढा व्याप सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. अर्धशिक्षित बाईलाही मध्यस्थाशिवाय वाचता यावे, हा त्यांचा हेतू होता. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. भाषांतर 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. शिकवण तपासायची तर साक्ष हातात हवी, हे त्यांना कळले होते. एवढ्या मोठ्या कामाची मराठी साहित्याच्या इतिहासांत ओझरती दखल घेतली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

रेव्हरंड टिळकांची कथा तर आपल्या अंगणातली. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला येणाऱ्या गाडीत एका अनोळखी युरोपियनाने नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. वाचेन असा शब्द दिला होता म्हणून त्यांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडले, गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना गाठले ते पुस्तकाने, मिशनच्या संस्थेने नव्हे. पुढे 1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. चर्चच्या चौकटीशी त्यांचे पटले नाही, ख्रिस्ताशी असलेले नाते तुटले नाही.

यावर सर्वांत समर्थ आक्षेप महात्मा फुल्यांचा आहे. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या रांगेत बसवणाऱ्या जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही. 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी कोणत्याही एका धर्मपुस्तकात सारे सत्य सामावले आहे हे मानायला नकार दिला, आणि एकाच घरात वेगवेगळ्या धर्मांची माणसे गुण्यागोविंदाने राहावीत असे चित्र रंगवले. साक्ष चांगली असली तरी ती एका काळाची, एका देशाची आहे, तिच्यावर सगळ्या जगाचे भवितव्य टांगू नका, असा त्याचा मथितार्थ. या आक्षेपाला ‘आमच्या शास्त्रात असे लिहिले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. माझे उत्तर इतकेच की साक्ष एका जागेचीच असते. सर्व काळी सर्वत्र घडलेल्या गोष्टीला कोणी साक्षीदार नसतो. विशिष्ट असणे हा तिचा दोष नाही. पण त्या विशिष्ट साक्षीवरून सगळ्या माणसांविषयी निकाल देताना चर्चने फार घाई केली, हे फुल्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते.

त्या घाईचे सर्वांत बोचरे उदाहरण बाप्तिस्म्याच्या आधी गोऱ्यांनीच पुढे केले होते: मर्यादित आयुष्यातल्या पापासाठी अमर्याद नरक हा कोणता न्याय? विश्रामपूरच्या सतनामी शेतकऱ्यालाही साहजिकच विचारावेसे वाटणार की लोरसाहेब यायच्या आधी वारलेल्या आपल्या आजोबांचे काय. यावर चर्चची शिकवण आजही एकमुखी नाही. आपली चूक नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे सदसद्विवेकाला धरून चालतात, त्यांनाही तारण मिळू शकते असे 1964 मध्ये व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हटले. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या ते नाकारतात. दोन्ही पक्ष शास्त्राचाच आधार देतात. वाचकाने रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय आणि प्रेषितांची कृत्ये यांतील चौथा व सतरावा हे अध्याय शेजारी शेजारी ठेवावेत. शक्य असेल तर रमाबाईंचे भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ अशी दोन्ही समोर घ्यावीत, आणि कोणत्या पक्षाने किती वचने गाळली ते स्वतः पाहावे.

बूढापारा, रायपूर